राक्षसांची जमाबंदी

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतातील लेक जिनीव्हा या तळ्याकाठच्या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ तीन लहान चोपड्यांच्या रूपाने एका पेटीत घालून विक्रीस आला, तेव्हा त्याच्या अवघ्या हजार प्रती काढण्यात आल्या होत्या. आणि त्यांतील पहिल्याच चोपडीत कर्त्यांनी, पुढे काय वाढून ठेवले आहे याची यत्किंचितही कल्पना नसल्यामुळे, एक उदार सवलत देऊन टाकली होती. खेळणाऱ्यास मनुष्य, ड्वार्फ, एल्फ वगैरे नेमस्त मंडळींखेरीज दुसरे कोणी व्हावेसे वाटल्यास हरकत नाही, अगदी ड्रॅगन व्हावेसे वाटले तरी हरकत नाही, मात्र त्याने कोवळ्या ड्रॅगनापासून सुरुवात करावी आणि इतरांप्रमाणे पायरीपायरीने वर चढावे, अशा आशयाची ती सवलत होती. पायऱ्या किती व कोणत्या, हे खेळ चालविणाऱ्याने आपले आपण आगाऊ ठरवावे, असेही सोबत म्हटले होते. या एका वाक्याने पुढील पन्नास वर्षांच्या कारकुनीची तजवीज करून ठेवली.

ज्या वाचकांच्या घरात या खेळाचा अद्याप शिरकाव झालेला नाही, त्यांच्या माहितीसाठी एवढे सांगितले पाहिजे की यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात, आणि शेवटी जिंकले कोण हा प्रश्न विचारणे तर अप्रशस्तच समजले जाते. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण डंजन मास्टर, म्हणजे मंडळींच्या बोलीत डीएम, होतो आणि ऊन, पाऊस, राजे, सराईवाले, चोर व राक्षस या सर्वांच्या वतीने तोच बोलतो. उरलेले प्रत्येकी एकेक कॅरेक्टर घेतात, कोणी तलवारबहाद्दर, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित, तर कोणी दुसऱ्याची कुलपे उघडण्यात निष्णात असा सद्गृहस्थ. आणि ‘मी दार ढकलतो’ असे तोंडाने सांगून वीस बाजूंचा फासा टाकतात. दान पडले तर दार उघडते, न पडले तर खांदा दुखावतो. राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साचले की लेव्हल चढते, लेव्हल चढली की अधिक मोठे राक्षस मारण्याचा अधिकार प्राप्त होतो, आणि या सबंध व्यवहारात राक्षसाचे कर्तव्य एवढेच असते की त्याने यावे, गुरगुरावे आणि मरावे. व्यवस्था उत्तम आहे. परंतु टेबलाभोवतीच्या चौघांत एक तरी असा निघतोच, जो तलवारबहाद्दर, मांत्रिक आणि पुरोहित या तिघांकडे सारख्याच अनास्थेने पाहून म्हणतो, ‘मला तो पलीकडचा व्हायचंय.’

खेळाच्या दोन जनकांपैकी गॅरी गायगॅक्स हे पूर्वाश्रमी शिकागोत विम्याच्या धंद्यात होते व कोणती जोखीम पत्करावी आणि कोणती परत पाठवावी हे ठरविणे हेच त्यांचे काम होते. अशा माणसाने ड्रॅगनाचा अर्ज मंजूर करताना दहादा विचार करावयास हवा होता. दुसरे जनक डेव्ह अर्नेसन यांना तर इशारा आधीच मिळालेला होता. मिनेसोटात ते चालवीत असलेल्या ‘ब्लॅकमूर’ नामक मोहिमेत, खेळ छापला जाण्यापूर्वीच, एक गडी व्हॅम्पायर होऊन बसला आणि ‘सर फँग’ हे नामाभिधान धारण करून इतका प्रबळ झाला की बाकीच्यांनी रात्री बाहेर पडावे कसे हाच प्रश्न उभा राहिला. सांगतात ते असे की त्याच्या बंदोबस्तासाठी, व्हॅम्पायरांच्या चित्रपटांत क्रूस उगारून धावत येणारे जे पोक्त गृहस्थ असतात त्यांच्या धर्तीवर, पुरोहित हा एक अख्खा नवा पेशा अस्तित्वात आणावा लागला. सर फँग यथाकाल गेले, पुरोहित राहिला. आज जगाच्या पाठीवर जिथे जिथे हा खेळ चालतो तिथे तिथे जखमा बांधणारा, आशीर्वाद देणारा आणि प्रेतांना हुसकून लावणारा जो कोणी भेटतो, तो मुळात एका गड्याच्या हौसेपायी पडलेला खर्च आहे, ही गोष्ट त्या बिचाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते.

हा अनुभव गाठीस असल्यामुळे म्हणा किंवा विम्याचे संस्कार जागृत झाल्यामुळे म्हणा, १९७९ साली निघालेल्या डंजन मास्टरांच्या जाडजूड मार्गदर्शिकेत गायगॅक्स यांनी राक्षस होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहून आपली पाच वर्षांपूर्वीची सनद बहुतांशी काढून घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की ज्याला राक्षस व्हावेसे वाटते त्याला बहुतेक वेळा राक्षसाचे अंतरंग जाणून घ्यावयाचे नसून राक्षसाचे बळ फुकटात हवे असते. आणि हे जग माणसांभोवती रचलेले असल्यामुळे त्यात बाकीच्यांनी पाहुण्यासारखे राहावे हेच इष्ट. मनुष्यस्वभावाविषयीचे हे निदान मला बिनतोड वाटते. इलाज मात्र जरा निर्दय होता, कारण माणसाचे वर्चस्व अबाधित राखण्यासाठी त्यांनी निरुपद्रवी एल्फ व ड्वार्फ यांच्यावरही आरंभापासून बढतीबंदी लादलेली होती. मूळच्या चोपड्यांत एल्फाला तलवारबाजीत चौथ्या लेव्हलपुढे आणि मंत्रविद्येत आठव्या लेव्हलपुढे जाण्यास मनाई आहे. ड्वार्फ सहाव्यावर अडतो, हॉबिट चौथ्यावर. ज्या प्राण्याला शतकानुशतकांचे आयुष्य आणि अक्षय यौवन लाभले आहे, त्याने चौथ्या पायरीवर उभे राहून, काल जन्मलेल्या माणसांची पोरे आपल्या डोळ्यांदेखत वरच्या जागांवर रुजू होताना पाहावी, यापरते सेवाज्येष्ठतेचे उल्लंघन कोणत्याही दफ्तरात नमूद नसेल.

या सर्व खटाटोपात एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचे मूळ तिच्यात आहे. राक्षसाला आयुष्य फार थोडे असते. खेळातील लढाई तीनचार फेऱ्यांत आटोपते, एक फेरी सहा सेकंदांची धरली जाते, म्हणजे राक्षसाचा प्रवेश, त्याचा प्रताप, त्याचा उत्कर्ष आणि त्याचा अंत्यविधी हे सर्व अठरा ते चोवीस सेकंदांत उरकते. त्याला शक्ती बहाल करणाऱ्याने ती याच हिशेबाने बहाल केलेली असते. ट्रोल नावाचा जो हिरवट, लांबनाक्या राक्षस आहे त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, २०१४ च्या नियमांप्रमाणे दर फेरीस दहा हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, या दराने, आणि त्याला आग किंवा आम्ल लावल्याखेरीज हा क्रम थांबत नाही. राक्षसाच्या हाती ही शक्ती म्हणजे लढाई थोडी लांबविण्याची एक युक्ती. हीच शक्ती खेळाडूच्या हाती गेली की तो जन्मभराचा मोफत दवाखाना होतो: तो सापळे हाताने चाचपून पाहत नाही, सरळ त्यांवर बसतो, भिंत डोक्याने फोडतो, आणि सोबतचा पुरोहित औषधांची थैली आवळून विचारतो की मग मला आणले कशाला. इफ्रीत नामक अग्निजातीचा जिन तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत दिवसाला तीन इच्छा पुऱ्या करू शकतो, फक्त इच्छा करणारा जिन नसावा एवढीच अट. अठरा सेकंद जगणाऱ्या शत्रूजवळ हे असले तर कोणाचे काय बिघडते? परंतु तोच इफ्रीत मित्रमंडळात सामील झाला की वर्षाला एक हजार पंचाण्णव इच्छांचा ओघ सुरू होतो आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला काही इच्छाच उरत नाही. भस्मासुराला वर देतानाही हाच मुद्दा नजरेतून सुटला होता. त्या प्रसंगी तोडगा म्हणून मोहिनीला पाचारण करावे लागले, पण दर रविवारी मोहिनी आणावयाची कोठून?

याची उलट बाजूही तितकीच पेचाची आहे. राक्षस हा चौघांचा मार खाण्यासाठी घडविलेला असतो. २०१४ च्या पुस्तकातील ओग्रे नामक धिप्पाड राक्षसाला एकोणसाठ हिट पॉइंट आहेत आणि बचावाचा आकडा अवघा अकरा, याचा अर्थ असा की त्याला मारणे कोणालाही जमावे परंतु तो लवकर संपू नये. प्रेक्षकांना मजा यावी म्हणून केलेली ही सोय आहे. त्याच्या नावापुढे जो ‘चॅलेंज रेटिंग’ म्हणून दोनाचा आकडा लिहिलेला असतो तो चार जणांच्या टोळीशी त्याची गाठ घालण्यापुरता. परंतु हौशी अर्जदार तो वाचून लगेच म्हणतो की ओग्रे दोनाचा आहे, मीही दुसऱ्या लेव्हलवर आहे, तेव्हा हिशेब चुकता. दुसऱ्या लेव्हलच्या तलवारबहाद्दराजवळ वीसएक हिट पॉइंट असतात. तो या हिशेबाकडे ज्या नजरेने पाहतो तिचे वर्णन न केलेलेच बरे.

२००० साली तिसरी आवृत्ती निघाली आणि मग, चौथी येण्यापूर्वी, २००३ साली साडेतीन क्रमांकाची आवृत्ती निघाली. साडेतीन शहाण्यांच्या प्रांतातील वाचकांना या अपूर्णांकाचे नवल वाटण्याचे कारण नाही. या आवृत्त्यांनी माणूस आणि राक्षस या दोघांनाही एकाच गणितात बसविले आणि गणित एक झाल्याबरोबर जमाबंदीचा मोह अनावर झाला. त्याच २००३ साली ‘सॅव्हेज स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात राक्षस होऊ इच्छिणाऱ्यावर किती सारा बसवावा याची साद्यंत तरतूद आहे. प्रत्येक राक्षसाच्या अंगभूत रक्ताच्या काही लेव्हली धरावयाच्या, वर त्याच्या विशेष शक्तींबद्दल ‘लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट’ नावाचा अधिभार आकारावयाचा, आणि दोहोंची बेरीज करून तो माणसांच्या कोणत्या लेव्हलबरोबर बसण्यास पात्र आहे हे ठरवावयाचे. बगबेअर तीन अधिक एक. सेंटॉर चार अधिक दोन. ट्रोल सहा अधिक पाच. माइंड फ्लेअर, जो दुसऱ्याच्या मेंदूवर उपजीविका करतो, तो आठ अधिक सात. एवढ्याने भागले नाही म्हणून या ग्रंथाने राक्षसपण हप्त्यांनी देण्याचीही सोय केली, जेणेकरून पहिल्या लेव्हलला कोवळा ओग्रे घ्यावा आणि त्याचे बळ, त्याचे आकारमान, त्याची जाड कातडी ही त्याला सहा हप्त्यांत पोहोचती व्हावी. गायगॅक्स यांच्या पहिल्या चोपडीतील कोवळा ड्रॅगन असा एकोणतीस वर्षांनी पायऱ्यांसह हजर झाला.

ही जमाबंदी प्रत्यक्ष कशी वसूल होते हे पाहण्याची संधी मला पुतणीच्या कृपेने मिळाली. ती पुण्यात डीएमचे काम करते, जुन्या साडेतीन आवृत्तीवर तिची अढळ निष्ठा आहे, आणि रविवारी दुपारी माझ्या वाचनाच्या टेबलावर तिची मंडळी जमते. सहाव्या लेव्हलपासून मोहीम सुरू व्हावयाची होती व एक कृश, चष्मेधारी, अत्यंत विनयशील मुलगा आपला अर्ज घेऊन बसला होता.

‘मला ओग्रे व्हायचंय.’

‘हो की,’ पुतणी म्हणाली, ‘सहा लेव्हली भर.’

‘सहा? कशाच्या?’

‘चार जातीच्या, दोन माजाच्या.’

‘मग माझ्या स्वतःच्या किती उरल्या?’

‘शून्य. पण ताकद बघ ना, दहानं वाढली. बुद्धी चारनं कमी, रूपगुण चारनं कमी. चिलखताला दुप्पट पैसे पडतील, तुझ्या मापाचं शिवून घ्यावं लागणार. काका, यांना चहा मिळेल का?’

चहा घेऊन मी परतेपर्यंत मुलाने सर्व अटी मान्य केल्या होत्या आणि लढाईला तोंड लागले होते. तेव्हा मला जमाबंदीतील मेख कळली. सहाव्या लेव्हलचा तलवारबहाद्दर एका फेरीत दोन वार करीत होता. ओग्रे एकच करीत होता, कारण त्याच्या चार जातीच्या लेव्हली युद्धकलेत कच्च्या धरल्या जातात आणि दोन माजाच्या लेव्हली कशातच धरल्या जात नाहीत. मांत्रिक मुलगी, जिच्या कॅरेक्टरचे वजन ओग्रेच्या एका तंगडीइतकेही नसेल, सहा फाशांचा आगीचा गोळा टाकून कोपरा स्वच्छ करीत होती. ओग्रेचा सोटा लागला तर समोरच्याचे भरीत होत असे, यात शंका नाही. परंतु तो लागेपर्यंत बहुधा दुसऱ्याच कोणी भरीत केलेले असे. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये धाकट्या भावाला कच्चा लिंबू म्हणून घेतात, म्हणजे तो खेळतो पण बाद होत नाही आणि त्याच्या धावाही कोणी मनावर घेत नाही. तो नऊ फुटांचा ओग्रे मला हुबेहूब तसा भासला, एवढाच फरक की हा कच्चा लिंबू होण्यासाठी त्याने सहा लेव्हलींचा भरणा रोख केला होता.

आणि ओग्रे निदान ओग्रेचेच काम करीत होता. एखाद्याला ओग्रे होऊन मंत्रविद्या शिकावयाची हौस आली तर त्याचा सर्वनाशच ठरलेला आहे, कारण मांत्रिकाचे सारे वैभव लेव्हलींत असते आणि त्या तर साऱ्यापायी आधीच सरकारजमा झालेल्या असतात. हा जाच पुढे कर्त्यांनाही जाणवला असावा, कारण २००४ च्या एका पूरक ग्रंथात अधिभार अनुभवाचे गुण भरून हळूहळू फेडून टाकण्याची मुभा देण्यात आली. सारा बसवावा, मग तगाई द्यावी, असा हा क्रम झाला.

आपल्या राक्षसाचा येथे उल्लेख न करणे म्हणजे घरच्या माणसाला पंक्तीत न बोलावण्यासारखे होईल. रामायणातला तो राक्षस १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये सन्मानाने दाखल आहे, वाघाचे मुंडके घेऊन, अंगात झगा घालून आणि निवांतपणे पाइप ओढीत, आणि त्याचे तळहात उलट्या बाजूला वळलेले असतात ही माहिती लंकेत कोणाला होती असे दिसत नाही. त्यास मारण्याचा खात्रीचा उपाय, पुरोहिताने अभिमंत्रिलेला क्रॉसबोचा बाण. साडेतीन आवृत्तीत त्याची जमाबंदी सात अधिक सात, म्हणजे चौदा. आता चौदाव्या लेव्हलच्या मांत्रिकांच्या पंक्तीला बसून हा आपला राक्षस मंत्र म्हणतो सातव्या लेव्हलचे. शेजारचा सातव्या श्रेणीच्या मंत्रांनी दिशा हलवीत असता याची मजल तिसऱ्या श्रेणीपर्यंत. त्याहून कठीण प्रसंग तो जखमी झाल्यावर येतो. त्याच्या अंगी परक्या मंत्रांना अडविण्याची सत्तावीस आकड्यांची शक्ती आहे आणि ही शक्ती मित्राचा मंत्र व शत्रूचा मंत्र यांत भेद करीत नाही, तेव्हा चौदाव्या लेव्हलचा पुरोहित जखम भरण्यासाठी कळवळून धावला तरी वीस बाजूंच्या फाशावर तेरा किंवा अधिक पडल्याशिवाय औषधाला आत प्रवेश नाही. राक्षस शुद्धीवर असेल तर आपली वेळ खर्चून पहारा उठवू शकतो. बेशुद्ध असेल तर पुरोहिताने दारात फासे टाकीत बसावे. ज्या शक्तीबद्दल त्याच्याकडून जबर अधिभार वसूल केला त्याच शक्तीने त्याचे प्राण कंठाशी आणावेत, हा न्याय रावणालाही ओळखीचा वाटला असता.

सर्वच खेळांनी हे दफ्तर उघडले असे नाही. केन सेंट आंद्रे यांनी १९७६ सालीच ‘मॉन्स्टर्स! मॉन्स्टर्स!’ काढून सरळ सर्वांनाच राक्षस केले व गावकऱ्यांवर सोडले, १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने ट्रोल आणि माणूस यांना एकच गज लावला आणि जो सोटा खाईल तो मरेल एवढे म्हणून विषय संपविला, आणि १९९१ साली ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड’ आल्यावर तर टेबलाभोवतीचे सगळेच सर फँग झाले व पुरोहिताची गरज उरली नाही. पंक्तीत सगळेच राक्षस असले म्हणजे वाढप्याचे काम सोपे होते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सने मात्र अलीकडे निराळाच मार्ग पत्करला आहे. जमाबंदी रद्द, अधिभार माफ. त्याऐवजी राक्षसालाच छाटून माणसाच्या मापाचा करावयाचा. सेंटॉर हे याचे उत्तम उदाहरण होय. २०१४ च्या राक्षसांच्या पुस्तकात तो ‘लार्ज’ या आकारश्रेणीत आहे, जशी घोड्याला शोभते. २०१८ साली ‘रॅव्हनिका’च्या पुस्तकात तो खेळाडूंना खुला झाला तेव्हा तोच प्राणी ‘मीडियम’ होऊन आला. तलवारबहाद्दरही मीडियम, न्हावीही मीडियम, आणि कंबरेखाली सबंध घोडा असलेला हाही मीडियम. पाच फुटांच्या चौकोनात उभा राहावा, कोणाला अडचण होऊ नये. यातून असा निकाल निघतो की मनुष्याला सेंटॉरच्या पाठीवर बसता येत नाही, कारण स्वारी करणाऱ्याहून वाहन एका श्रेणीने मोठे असावे लागते आणि हे दोघे तर कागदोपत्री सारख्याच मापाचे आहेत. त्याच्या टापेचा आघात चार बाजूंच्या फाशावर मोजला जातो, म्हणजे घोड्याची लाथ आणि खिशातला सुरा यांची किंमत एक. दुसरीकडे, त्याची गणना मनुष्यसदृशांत न करता परीवर्गात केल्यामुळे, माणसाला जागच्या जागी थिजविणारा जो सुप्रसिद्ध मंत्र आहे तो त्याला मुळी लागूच पडत नाही. अशी एखादी फट प्रत्येक कायद्यात राहतेच.

परंतु सेंटॉरच्या कायद्यातील सर्वांत रसाळ कलम शिडीचे आहे. चढण्याचे काम हातापायांचे, आणि त्याचे पाय तर खुरांचे, म्हणून त्याला शिडीच्या प्रत्येक फुटामागे चार फूट जादा आकारले जातात, जिथे तुम्हाआम्हाला एकच जादा पडतो. कलम वरकरणी कठोर दिसते. आता त्याची चाल एका फेरीस चाळीस फूट. पाचाने भाग घातला असता आठ फूट येतात. फेरी सहा सेकंदांची. म्हणजे एक सबंध घोडा, वर एक सबंध माणूस लादून, विहिरीतली दोराची शिडी सहा सेकंदांत आठ फूट या वेगाने चढून येतो. मी स्वतः माळ्यावरची बरणी काढण्यासाठी शिडीवर चढतो तेव्हा हा वेग मला साधत नाही, आणि मला तर खूरही नाहीत. पुतणीच्या मंडळींपैकी कोणी हा हिशेब काढून दाखविला, तेव्हा सर्वांनी डोळे मिटून ते दृश्य पाहिले व बराच वेळ फासे कोणी उचलले नाहीत.

कोबोल्डाचे प्रकरण याहून नाजूक आहे. हे सरड्यासारखे, कमरेएवढ्या उंचीचे प्राणी. २०१६ च्या ‘व्होलो’च्या ग्रंथात त्यांना खेळाडूंसाठी रीतसर सनद मिळाली तेव्हा त्यांच्या अंगी एक शक्ती अशी देण्यात आली होती की त्यांनी ऐन लढाईत लोटांगण घालावे, थरथर कापावे आणि जीवदानाची भीक मागावी, ज्यामुळे शत्रूचे लक्ष विचलित होऊन मित्रांचे वार सोपे व्हावेत. एका विश्रांतीमागे एकदाच. दोनदा लोटांगण घातले असता त्याचा प्रभाव पडत नाही, हे निरीक्षण ज्याने केले त्याने कचेऱ्यांत पुष्कळ दिवस काढले असले पाहिजेत. माझ्या दृष्टीने पन्नास वर्षांच्या या वाङ्मयातील हे सर्वांत संतुलित कलम होते, कारण बळाची किंमत लेव्हलींत ठरविणे कोणाला जमले नसले तरी येथे ती अब्रूत ठरविली होती आणि व्यवहार दोन्ही पक्षांना परवडत होता. २०२२ च्या सुधारित ग्रंथात ते वगळण्यात आले. लोटांगणाच्या जागी आता कोबोल्ड ड्रॅगनासारखी आरोळी ठोकतो. परिणाम जवळपास तोच होतो, मित्रांचे वार तसेच सोपे होतात, परंतु भिडस्तपणाने वाकून जिंकण्याची जी मौज होती ती गेली आणि टेबलावर आणखी एक ओरडणारा वाढला. ऑर्कही २०२४ च्या मूळ पुस्तकातच एल्फ आणि ड्वार्फ यांच्या रांगेत येऊन बसला आहे. त्याचा कोणाला त्रास नाही, आणि ज्याला ऑर्क व्हावयाचे होते त्याची तक्रारही तीच आहे.

माझ्या टेबलावरच्या त्या कृश मुलाचा ओग्रे यथावकाश एका खड्ड्यात पडून वारला. खड्डा सर्वांना ठाऊक होता. दोर सर्वांजवळ होता. परंतु त्याला ओढून काढण्याएवढी ताकद त्या मंडळींत एकट्या त्याचीच होती. त्याने नवा अर्ज केला आहे. या खेपेस त्याला मिमिक व्हावयाचे आहे, म्हणजे तो राक्षस जो पेटीचे सोंग घेऊन बसतो आणि उघडायला येणाऱ्याला चिकटवून खातो. पुतणीने तोवर जुने दफ्तर बंद करून नव्या पुस्तकांवर मोहीम आणली होती आणि मिमिकाची चाल अगदी मंद आहे हे पाहून तिने कोणताही सारा न बसविता अर्ज मंजूर केला. बाकीच्यांनीही आनंदाने संमती दिली, कारण लूट ठेवण्यासाठी कुलपाची पेटी त्यांना हवीच होती आणि ही तर आपल्या पायांनी चालणारी होती. तळघरातले सर्व सोने तिच्यात भरण्यात आले. मिमिकाला जे काही टेकते ते चिकटते, हे कलम कोणी त्यानंतर वाचले. पुढल्या रविवारच्या कामकाजात पहिला विषय ‘खजिनदाराकडून येणे रक्कम’ असा असून, आपण त्या वेळी पेटीच्या रूपात असणार आणि पेटीला बोलता येत नाही, असे खजिनदाराने आगाऊ लेखी कळविले आहे.